आदर नावाचा रकाना

नव्या यंत्रमागावर एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबतो. जुना थांबत नसे. हातभर कापड वाया गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात येई.

•

खाकी कव्हर घातलेली दोनशे पानी वही. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात. दरवर्षी एकदा बाहेर निघते, वर्गाला दाखवली जाते, न उघडता आत जाते.

•

प्रश्न १४. आपल्या भागात ‘आपण’, ‘अहो’, ‘साहेब’, ‘बाई’, ‘या’, ‘बसा’ हे शब्द आदराखेरीज दुसऱ्या कुठल्या अर्थाने वापरले जातात का? होय / नाही.

•

बंद खोलीत साठ माणसं तासभर श्वास घेत बसली की हवा जड होते आणि माणसं पेंगतात. शिकवणारा म्हणतो, आजकालच्या पोरांना ओढच नाही.

•

“काय बे, आज आदर झाला म्हणं तुझा?”

“जाम झाला की. सगळ्या वर्गासमोर.”

(कँटीनच्या रांगेत. मी त्यांच्या मागे उभी होते.)

•

१४ ऑगस्ट १९९८. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी देवस्थळी सर फळ्यापाशी थांबले, खडू माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “या, बोरामणीकरबाई. आपण शिकवा. आम्ही खाली बसतो.”

•

सत्तावीस नंबरच्या खुर्चीवरचा दिवा शेजारच्या दिव्यांच्या दुप्पट उजेड देऊ शकतो.

•

मी जयश्री बोरामणीकर. सोलापुरातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. देवस्थळी सरांची गोष्ट मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगत आले. सगळा वर्ग हसला, मी जागच्या जागी मेले, त्याच संध्याकाळी ही वही विकत आणली आणि अभ्यासाला बसले. एवढं सांगून वही वर धरायची. “त्या एका वाक्यानं मला घडवलं.” मुलं टाळ्या वाजवायची. वीसेक वर्षं.

खोली

ओढ-वर्ग आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी बसवला. आत गेलं तर दिसायला विशेष काही नाही. साठ खुर्च्या, प्रत्येकीवर एक दिवा, भिंतीत हवेच्या जाळ्या. खुर्चीच्या गादीखाली एक पातळ चकती असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला माणसाचं शरीर केसभर हलतं, ते तिला कळतं. छतातले कॅमेरे डोळ्यांकडे बघतात, कारण मन गुंतलं की बाहुली मोठी होते. घरी गेल्यावर कोण किती वेळा अभ्यासाकडे परत वळलं, ते मुलांच्या टॅबवरून कळतं. या सगळ्याचा मिळून दर मुलामागे एक आकडा निघतो, शून्य ते शंभर. त्याचं नाव ओढ.

कल्पना वाईट नव्हती. मूल आळशी नसतं, खोली चुकीची असते, हे तिच्यामागचं गृहीतक. खोली रोज एखादा लहानसा बदल करून बघायची. हवा ताजी कर, उजेड थोडा पिवळा कर, टेबलं गोलात लाव, प्रश्नानंतर चार सेकंद जास्त थांबायला सांग. आकडा वाढला तर तो बदल ठेवायचा, नाही तर सोडून द्यायचा. पहिल्या वर्षी हवेनं आणि त्या चार सेकंदांनी बराच फरक पडला. दुपारच्या तासाला मुलं जागी राहू लागली. तोवर कुणाला लाज वाटावी असं त्या खोलीत काही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी खोली आमचं बोलणं ऐकू लागली.

प्रश्न १४

खोलीला मराठी शिकवायला ग्लेन डाबरे आला. वसईचा, तिशीच्या आतला, डोळ्यात डोळे घालून बोलणारा इंजिनिअर. शिक्षकाच्या तोंडचा कुठला शब्द कुठल्या रकान्यात टाकायचा ते त्याला ठरवायचं होतं. ‘शाब्बास’ कौतुकात. ‘अरे, असं बघ’ जवळिकीत. स्थानिक जाणकार म्हणून फॉर्म मी भरत होते.

“मॅडम, एक विचारू? आमची आजी रागावली की मला ‘अहो साहेब’ म्हणायची. तेव्हा पळायचं असतं. तुमच्याकडे असं काही?”

“छे. आमच्याकडे आपण म्हणजे आपण.”

“नक्की ना? रकान्याला एकदा नाव पडलं की खोली त्यावरच चालणार.”

मी ‘नाही’वर खूण केली.

माझा सगळा वर्ग त्या एका शब्दावर चालत होता. मला आवाज चढवावा लागला नाही, कुणाला बाहेर काढावं लागलं नाही. चुकलेल्या मुलाला ‘तू’वरून ‘आपण’वर नेलं की पुरे. बाकीचे हसायचे, तो खाली बघायचा. हे एका परक्या मुलाला, तेही फॉर्मवर, कसं सांगायचं? म्हणून नाही.

रकान्याला नाव पडलं: आदर.

चार महिन्यांत खोलीला शोध लागला. ज्या मुलाची ओढ अगदी तळाला गेली आहे, त्याला त्या क्षणी ‘आदर’ दिला, तर पुढच्या दोन दिवसांत आकडा सरासरी एकतीसनं वाढतो. हवा, उजेड, गोल टेबलं, कशाचाही परिणाम त्याच्या जवळपास नव्हता. मग खोली माझ्या कानातल्या यंत्रातून सांगू लागली: “अकरा. आदर.” “चाळीस. आदर.” आणि एक गोष्ट तिनं स्वतःच्या बुद्धीनं केली. ज्याला मान द्यायचा त्याच्या डोक्यावरचा दिवा ती मोठा करू लागली.

मी निबंध लिहिला, ‘आदर आणि ओढ’. तो गाजला. सत्कारात मला सोलापुरी चादर आणि नारळ मिळाला. आमच्या प्रकल्पाचे समन्वयक टेंभे सर माइकवर म्हणाले, “बोरामणीकर मॅडमनी जगाला दाखवून दिलं, की मुलांना मान द्या, मुलं आपोआप शिकतात.”

मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. मला ते ऐकू आलं. टेंभे सरांना नाही.

दुसऱ्या विभागातले शिक्षकही शिकले. “उठावं महाराज, उत्तर द्यावं.” “बाईसाहेब आज कुठल्या विचारात आहेत?” मुलांनी त्यांच्यापुरतं क्रियापद तयार केलं. माझा आदर झाला. तिचा आदर केला. उद्या तुझा नंबर बे, आदर होणार तुझा.

मंगळवार

वर्गाच्या एका बाजूला काचेची भिंत आहे, तिच्यामागे पाहुणे होते. एकशे बारा कॉलेजांत ओढ-वर्ग बसवायचा की नाही ते ठरवणारी मंडळी. टेंभे सर त्यांना पडद्यावर मुलांचे आकडे दाखवत होते. मी मुद्दाम खोलीचाच आलेख फळ्यावर लावला. आदराआधीची ओढ, आदरानंतरची ओढ.

“यावरून काय निष्कर्ष निघतो?”

सत्तावीसनं हात वर केला. पद्मजा चिलवेरी. पूर्व भागातल्या विणकर वस्तीतली, वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. या मुलीनं तोवर त्या सत्रात एकदाही हात वर केला नव्हता. मघापासून वहीत मान घालून काहीतरी मांडत होती. मान खाली असल्यामुळे कॅमेऱ्याला डोळे दिसत नव्हते, म्हणून तिची ओढ पडद्यावर बावीस होती.

“मॅडम, यातनं काय कळत नाही.”

“तुला कळत नाही, की यातून कळत नाही?”

वर्ग हसला. तीही थोडं हसली.

“यातनं, मॅडम. सगळ्यात खाली गेलेल्यांनाच निवडलंय ना तुम्ही. काय न बोलता सोडलं असतं तरी ते वर आलेच असते की. आमच्या कारखान्यात—”

कानात आलं: “सत्तावीस. आदर.”

काचेमागे टेंभे सर पुढे झुकले.

“वा!” मी म्हणाले. “या, चिलवेरीबाई. आपण या. आपण शिकवा, आम्ही खाली बसतो. कारखान्यातलं संख्याशास्त्र तरी ऐकू.”

आणि मी खरंच जाऊन पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसले. देवस्थळी सर नुसतं म्हणाले होते. मी बसले.

बाकीची सगळी मुलं हसली. पद्मजा उभी राहिली आणि तिच्या डोक्यावरचा दिवा उजळत गेला. तिच्या केसांतली पिन चमकली. तिनं वहीवर हात ठेवला, लिहिलेलं झाकायला. पडद्यावर तिचा आकडा चढला, बावीसवरून साठ, साठवरून एक्क्याण्णव. काचेमागे पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काच जाड आहे, त्यामुळे हात हलताना दिसले, आवाज आला नाही.

माणूस उत्सुक झाला की ठोके वाढतात आणि बाहुली मोठी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटतं तेव्हाही हेच होतं. गादीखालच्या चकतीला दोन्ही सारखंच.

तिला बस म्हणायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. घंटा झाल्यावर ती बसली. तेव्हा बाकीचे उठत होते.

गैरहजर

बुधवारी सत्तावीस रिकामी. गुरुवारी रिकामी. आठवडा झाला तेव्हा खोलीनं तिला सरासरीतून काढलं, तसा नियमच होता, आणि वर्गाची सरासरी एकनं वाढली. मी जुन्या याद्या काढल्या. तीन वर्षांत असे सात जण. जे जे गेले ते सरासरीतूनही गेले, आणि राहिलेल्यांचा आलेख वर चढत राहिला. निबंधातला तो सुंदर आलेख.

कॉलेजचा नियम वेगळा. सलग वीस दिवस गैरहजर, तर नाव कमी. पद्मजाचा विसावा दिवस सोमवारी येत होता. त्याआधीच्या गुरुवारी एकशे बारा कॉलेजांची बैठक.

मी पत्र लिहायला बसले.

पहिला मसुदा. *प्रिय पद्मजा, त्या दिवशी तुला* — खोडलं. ज्या तोंडानं तिचा अपमान केला, त्याच तोंडानं तिला तू कसं म्हणू?

दुसरा. *चि. पद्मजा, तुमची मी* — खोडलं. हे वाचताना तिला दिवा दिसेल.

तिसरा. *आपण* — पुढे नाहीच.

मराठीत माफी मागायची तर समोरच्याला काहीतरी म्हणावं लागतं. आपल्याकडे तीन शब्द आहेत. तिन्ही माझे वापरून झाले होते.

रविवार, बारावा दिवस

पत्ता ऑफिसातून घेतला. दोन खोल्यांचं घर, भिंतीला लागून कारखाना. सुट्टीमुळे माग बंद होते. दार तिच्या वडिलांनी उघडलं. नरसय्या चिलवेरी, बुटके, हातावर जुन्या जखमांचे पांढरे वण.

“अरे, मॅडम! या की, या. बसा.”

मी दचकले. इतक्या वर्षांत ते शब्द मी कुणाच्या तोंडून असे, सरळ, ऐकले नव्हते. त्यांनी फळीवरून घडीचा नवा कोरा टॉवेल काढला, खुर्चीवर अंथरला, हातानं सारखा केला. मग मला बसवलं. त्या खुर्चीखाली काही नव्हतं.

“वर्गात लाइटचं काम निघालंय म्हणं, दोन आठवडे सुट्टी,” ते म्हणाले. “पोरगी घरीच हाय. बरं झालं तुम्ही आलात. कायतरी चुकलं असंल तिचं, तर बोला की. तुम्ही बोलायचंच.”

पद्मजा आतल्या दारात उभी होती. तिनं घरी काही सांगितलं नव्हतं.

“चूक तिची नाही,” मी म्हणाले. “माझी आहे. पद्मजा, आपण—”

तिची मान खाली गेली. मी जीभ चावली.

“तू म्हणा, मॅडम,” ती म्हणाली. “आपण म्हटलं की डोक्यावर दिवा लागल्यासारखं होतंय.”

नरसय्या एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग स्टोव्हकडे गेले. “चा टाकतो.”

“तू कारखान्याचं काय सांगत होतीस त्या दिवशी?”

उत्तर स्टोव्हजवळून आलं. “ते होय? ते माझंच हाय. मागाचा एखादा दिवस वाईट असतो, मॅडम. धागाच टिकत नाही. मुकादम येतो, शिव्या घालतो. दुसऱ्या दिवशी माग बरा चालतो. मुकादमाला वाटतं, शिवीनं सुधारला. आणि चांगल्या दिवशी पाठ थोपटतो, तर दुसऱ्या दिवशी माल कमी. मग म्हणतो, कौतुकानं माजलात.” ते हसले. “लई वाईट दिवसानंतर बरा दिवस येतोच की. शिवी घातली तरी, नाही घातली तरी.”

“मग त्याला सांगत का नाही?”

“कशाला? त्याचाबी संसार हाय. शिव्या घालणं एवढंच काम हाय त्याला.”

मी कप खाली ठेवला. माझ्या शास्त्रात याला नाव आहे, सरासरीकडे परतणं. दुसऱ्या सत्रात मी तो धडा शिकवते. परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न काढते.

पद्मजा मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली.

“मॅडम, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही वहीची गोष्ट सांगता ना. चौदा ऑगस्टची. सर बोलले आणि त्याच संध्याकाळी तुम्ही वही आणली, पेटून अभ्यासाला बसलात. त्या मंगळवारी मी पण घरी येऊन वही घेऊन बसले. मला वाटलं, आता आपलं पण होईल. काहीच झालं नाही. अक्षरच दिसेना. रोज बसते, रोज तेच. तुम्हाला झालं, मला का नाही झालं? माझ्यातच काय कमी हाय का?”

“तसं नसतं गं.”

“मग कसं असतं?”

रिक्षा आली. मी बसले. तिनं बराच वेळ हात वर धरला होता, मी उत्तर देईन म्हणून की निरोपाचा, मला कळलं नाही.

सोमवार, दुपार

वरचा खण उघडला. वही काढली. वही हातात घेऊन वर्गासमोर उभं राहायची मला इतकी सवय, की ती उघडतात हे मी विसरले होते. खाकी कव्हर, कोपऱ्यात शाईचा डाग.

पहिलं पान बघितलं. मिटली. परत उघडून बघितलं. तो तास मी घेतला नाही.

मंगळवार, फोनवर

“डाबरे, या वर्षी जानेवारीत माझा घसा बसला होता. तीन आठवडे मी फक्त फळ्यावर लिहून शिकवलं. आठवतं?”

“खोलीला आठवतं. थांबा हं.” कळा दाबल्याचा आवाज. “त्या तीन आठवड्यांत आदर शून्य. खोली सांगत होती, पण तुम्ही बोलूच शकत नव्हता.”

“तेव्हा तळाला गेलेली मुलं दोन दिवसांनी किती वर आली?”

परत कळांचा आवाज.

“तीस.”

“आणि बोलल्यावर?”

“एकतीस.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, तो प्रश्न चौदा...”

“होय. त्याचं उत्तर होय आहे.”

“आजी?”

“आजी.”

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “आणखी एक दाखवायचं होतं. त्या दिवशी तुम्ही तीन नंबरच्या खुर्चीवर बसला होतात. तिनं तुमचीही ओढ मोजली. चौऱ्याण्णव.”

उत्सुकता की लाज, ते मी त्याला विचारलं नाही. चकतीला दोन्ही सारखंच. मला मात्र माहीत होतं की तेव्हा मला लाज वाटत नव्हती.

गुरुवार

बैठकीत मी सांगितलं. रकान्याचं नाव चुकलं आहे, आणि चुकीची माहिती मी स्वतः दिली. जानेवारीचे आकडे मांडले. सात रिकाम्या खुर्च्या मांडल्या.

“त्या रकान्यात आदर नाही, सर. लाज आहे.”

“कुणाची?” पाहुण्यांपैकी एकानं विचारलं. साधाच प्रश्न होता, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

“मुलांची,” मी म्हणाले.

तेवढंच म्हणाले.

टेंभे सर नेहमीच्या गोड आवाजात बोलले. “मॅडम, तुमचा प्रामाणिकपणा कौतुकास्पद. पण तीन आठवडे म्हणजे नमुना फार लहान, नाही का? हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत. आणि लाज काय वाईट असते? आपण सगळे त्यातूनच घडलो. तुमच्या वहीची गोष्ट मी कितीदा सांगतो!”

इथे मी बोलायला हवं होतं. वहीबद्दल, त्या पानाबद्दल. वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा ग्लास उचलला.

ठराव झाला. रकान्याचं नाव ‘प्रोत्साहन’ करावं. डोक्यावरचा दिवा बंद ठेवावा. एकशे बाराऐवजी तूर्त चाळीस कॉलेजं. आभाराच्या यादीत माझं नाव पहिलं राहिलं.

शुक्रवार

टॉवेलच्या कारखान्याच्या फाटकाशी दुपारच्या सुट्टीत उभी राहिले. नरसय्या डबा खाऊन हात पुसत बाहेर आले. मी वही पुढे केली.

“पद्मजाला द्या.”

“निरोप काय सांगू?”

“काही नाही. पहिलं पान बघायला सांगा. तिनं मला एक प्रश्न विचारला होता.”

“चिठ्ठी-बिठ्ठी?”

“नको.”

त्यांनी हाताकडे पाहिलं, बोटांना तेल होतं. आत जाऊन एक टॉवेल आणला, वही त्यात गुंडाळली आणि बगलेत धरली. “मॅडम, कायतरी मोलाचं दिसतंय. परत आणून द्यायला सांगू?”

“तिची तिला ठरवू दे.”

सोमवार, विसावा दिवस

माझे तास मी जुन्या चार नंबरच्या खोलीत नेले. लाकडी बाकं, एक पंखा, खिडक्या हातानं उघडाव्या लागतात. दुपारी मुलं पेंगतात, मग मी उठून खिडकी उघडते. कानात काही नसतं. कोण तळाला आहे, ते मला सांगणारं कुणी नाही. तोंडात ‘वा, या’ येतं अजून. दातांपर्यंत येतं.

हजेरी घेतली.

“पंचवीस.”

“हजर.”

“सव्वीस.”

“हजर, मॅडम.”

“सत्तावीस.”

“हजर.”

मागच्या बाकावरून आला आवाज. मी वर बघितलं नाही. कितीतरी बोलावंसं वाटलं.

“अठ्ठावीस,” मी म्हणाले.

वही तिनं परत दिली नाही. मी मागितली नाही.

त्या वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे, खाली रोल नंबर, आणि त्याखाली माझ्याच अक्षरात तारीख: ११ ऑगस्ट १९९८.